नांदेडची गाडी जिथं जात नाही

नांदेडच्या स्टेशनावर मला सोडायला दोघंजण आले होते. एक हदगावहून एसटीनं आलेले अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि दुसरे त्यांचे जुने दोस्त रहीमचाचा, नांदेडातले शिंपी. चाचांनी खिडकीतून जेवणाचा डबा आत दिला. अण्णा गाडी हलेपर्यंत एकच गोष्ट सांगत होते, "घर गाडीच्या रस्त्यावर घे बरं का. आपलं माणूस इचारत इचारत आलं पायजे." मी मान डोलावली. नोकरीचा कागद खिशात होता, त्या दिवशी मी कशालाही मान डोलावली असती.

आमच्याकडं परगावी निघालेला माणूस लॉजची चौकशी करत नाही. तिथं आपलं कोण आहे, एवढंच विचारतो आणि पिशवी घेऊन त्याच्या दारात उतरतो. मीही तसाच उतरलो होतो. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागला आणि हॉस्टेल मिळेना, तेव्हा अण्णांनी मला चाचांच्या दुकानात आणून सोडलं. वर्षभर राहिलो. दुकानामागं दोनच खोल्या, त्यात त्यांची चार माणसं. मला ड्रॉइंगचा कागद पसरायला जागा हवी म्हणून चाचा रोज संध्याकाळी कपडा कापायचं टेबल रिकामं करायचे. राहिलेलं काम मग फरशीवर उकिडवे बसून करायचे. "तू लिही बेटा, माझे हात खाली बी चालतेत," म्हणायचे. आणि मी खुशाल रेघा ओढत बसायचो.

नोकरी मुंबईत, म्हणून कल्याणला भाड्यानं खोली घेतली. नांदेडची गाडी तिथं थांबते, त्यामुळं अण्णा खूश. मग पहाटे पहाटे दार वाजायला लागलं. कुणी डोळ्याच्या ऑपरेशनला, कुणी परीक्षेला, कुणी नुसताच समुद्र बघायला. सुवर्णा, माझी बायको, उठून चहा टाकायची. मी हसत हसत पिशव्या आत घ्यायचो आणि मोरीत जाऊन दातओठ खायचो.

घर विकत घ्यायची वेळ आली तेव्हा दोन जागा मनात होत्या, एक कल्याणात आणि एक बदलापूरला. किमतीत फारसा फरक नव्हता. उलट कल्याणहून ऑफिसला वेळ कमी लागला असता. पण नांदेडची गाडी बदलापूरला जात नाही. कल्याणला उतरून सामानासकट जिने चढायचे, मग लोकल धरायची. मी बदलापूर घेतलं. गाव सोडून आलेल्या तुमच्यापैकीही कुणी घर बघताना असाच हिशेब मनातल्या मनात केला असेल, मला माहीत नाही. दोष बायकोवर ढकलता आला असता तर बरं झालं असतं, पण ती कल्याणच म्हणत होती. अण्णांना फोनवर सांगितलं की हवा मोकळी आहे, शाळा जवळ आहे, लोकल इथूनच सुटते म्हणून बसायला जागा मिळते. सगळं खरं होतं, तरी मी खोटं बोललो. "तू सांगून राहिला म्हणजे बरंच असंल," अण्णा म्हणाले.

पाहुणे आटले. तीन वर्षं छान गेली, लाज वाटावी इतकी छान.

मग एका दुपारी ऑफिसात चाचांचा फोन आला. घशात गाठ होती, मुंबईला दाखवा म्हणून नांदेडच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. "बेटा, तुझ्याकडं उतरलो तर जमंल का? चाची हाय संगट."

"या की चाचा," मी म्हणालो, "पण लई लांब पडंल हो तुम्हाला. गाडी बदलायची, जिने चढायचे..."

"हाव, हाव. मग राहू दे. आमी बघतो."

फोन ठेवल्यावर मला हायसं वाटलं. लिहिताना हात थांबतो, पण वाटलं ते वाटलं.

ती दोघं पंधरा दिवस दवाखान्याबाहेरच्या फुटपाथवर राहिली, हे मला नंतर अण्णांकडून कळलं. अण्णा रागावले नाहीत. तेवढं सांगून पावसापाण्याचं बोलायला लागले.

गेल्या महिन्यात नांदेडला चाचांना भेटायला गेलो. गाठ साधी निघाली होती, आवाज मात्र कायमचा बसलेला. चाचींनी ताट वाढलं. मी भाकरीचा तुकडा मोडून ताटातच ठेवला.

"चाचा," मी म्हणालो, "घर लांब नव्हतं. मीच मुद्दाम लांब घेतलं होतं."

चाची भाकरी वाढता वाढता थांबल्या. चाचांनी माझ्याकडं पाहिलं.

"ठावं हाय बेटा. कल्याणला उतरलो तवा चायवाल्याला इचारलं होतं. चारच टेशनं, म्हणला. चाची म्हणत होती, चला जाऊ. म्या म्हणलं, नगं. आपल्याला दारात बघून पोरगं शरमंल." आणि लगेच म्हणाले, "जेव आता, थंड होऊन राहिलं."

मी जेवलो. कसं जेवलो ते विचारू नका.

आता कुणी घर कुठं म्हणून विचारलं की मी बदलापूर सांगतो, तिसरा मजला, लिफ्ट आहे. पण ज्याच्या घरी मी वर्षभर राहिलो, तो माणूस जिच्या दारी न येता चार स्टेशनांवरून परत फिरला, त्या जागेला घर म्हणताना जीभ अडखळते. पुढच्या महिन्यात चाचांची मुंबईला तपासणी आहे. कल्याणच्या फलाटावर मी उभा राहतो, असं त्यांना सांगून आलोय. चाचा अजून हो म्हणालेले नाहीत.