सखाबाईचा नकार

लाखांदूरकडच्या एका गावात तलावाच्या पाळीखाली ढिवरांची बावीस घरं आहेत. त्यातल्या सखाबाईचा डावा पाय बारा वर्षांपासून हत्तीसारखा सुजलेला आहे. गावात कोणी तिचं घर विचारलं तर लोक पायावरूनच सांगतात. तिला त्याचं काही वाटत नाही. मात्र नात डिंपल नऊ वर्षांची. दिवे लागायच्या वेळी डास गुणगुणू लागले की सखाबाई पदरानं पोरीचे पाय झाकत बसते. या पायांचं तसं होऊ नये, एवढंच तिचं देवाजवळ मागणं.

म्हणून माघात शहरातल्या कॉलेजचं शिबिर शाळेत उतरलं आणि मुलं हत्तीरोगाच्या गोळ्या देणार असं कळलं, तेव्हा तिला देव पावल्यासारखं वाटलं. शिबिराचा फलक चांगला आठ हात लांब होता: ‘सर्वांना समान आरोग्य’. मुलांच्या टोप्यांवर तेच, छातीवरच्या बिल्ल्यांवरही तेच. समानतेला अंगावर आणखी जागा उरली नव्हती.

पहिल्या दिवशी सरपंच कृष्णरावांच्या आळीत वाटप झालं. तिथं माणसं नऊ वाजताच जेवलेली असतात. मुलांनाही पोहे मिळाले. काम झकास झालं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दहा वाजता शिबिरातल्या दोघी मुली ढिवर मोहल्ल्यात आल्या. ढिवरांचा दिवस निराळा. पहाटे कोरा चहा घेऊन सगळे तलावात. मासोळी निघाली की बाया टोपली घेऊन गावोगाव फिरतात आणि विकून आल्यावर, दोन वाजता, चूल पेटते. हे विचारायला कॉलेजातून तिघे सर महिनाभर आधी येऊन पाहणी करून गेले होते. ती पाहणी सरपंचांच्या ओसरीवर झाली होती.

एकवीस घरांना कुलूप. सखाबाई तेवढी पाय ठणकून ताप आल्यामुळे घरी.

“आजी, जेवण झालं?” गुंजननं विचारलं. तिच्या हातात फॉर्म होते, मागं मनाली, गोळ्यांचं माप ठरवायला उंची मोजायची काठी घेऊन.

“नाही बाई. दोन वाजता जेवतो आमी.”

“उपाशीपोटी गोळी देता येत नाही.”

“मंग दोन वाजता या ना, बाप्पा.”

मनालीनं वेळापत्रक पाहिलं. “दोनला आमचं जेवण. तीनला व्याख्यान. उद्या दुसरं गाव.”

“ठेवून जा. मी चारतो पोरीले.”

“आमच्यासमोरच गिळावी लागते, आजी.”

“थांबा जराशा, भात मांडतो.”

“अकरापर्यंत सगळी घरं करायची आहेत,” मनाली म्हणाली. “बिस्किट वगैरे नाही का काही?”

सखाबाईनं रिकामा डबा पुढं केला.

फॉर्मात तीनच रकाने होते: दिली, गैरहजर, नकार. सखाबाई समोर उभी, म्हणजे गैरहजर नाही. गोळी दिली नाही. उरलं काय? गुंजन जरा घुटमळली, पण मनालीनं खडूनं भिंतीवर लिहूनही टाकलं.

मुली वळल्यावर डिंपलनं वाचून दाखवलं. “आजी, ‘नकार’ लिवलं.”

“काहून? मी कधी नाही म्हणलं?”

सखाबाईनं चूल पेटवली. डिंपलला जेवू घातलं. दोन वाजता बाया परतल्या तशी ती दारोदार लंगडत गेली. “पोटभर जेवा आन् पोराबाळासकट चाला.”

“कुठं वो, काकू?”

“व्याख्यानाले!”

शाळेच्या मैदानात भंडाऱ्याहून आलेले पाहुणे बोलत होते. “वंचितांमध्ये आरोग्याबद्दल उदासीनता असते. ते आपल्याकडे येत नाहीत...” तेवढ्यात साठेक वंचित फाटकातून आत आले. सर हरखले. लगबगीनं सतरंजी पसरली, फोटो काढले.

सखाबाई बसली नाही. “तुमचं चालू द्या, साहेब. आमी जेवून आलो. गोळ्या द्या.”

“प्रश्न शेवटी घेऊ, मावशी.”

“मले प्रश्न नाही पडला. गोळ्या पाहिजेत.”

मागची पोरं फिदीफिदी हसली. गुंजन उठली. सरांनी डोळे मोठे केले, तरी ती लालबुंद चेहऱ्यानं खोका घेऊन लिंबाखाली गेली. मागोमाग मोहल्ला गेला आणि त्याच्यामागं शिबिरार्थी. पाहुण्यांनी समतेवरचं उरलेलं भाषण कृष्णरावांना आणि रिकाम्या खुर्च्यांना ऐकवलं.

“आजी, तुम्हाला ताप आहे. आज नको,” गुंजन म्हणाली.

“माह्यं राहू दे. हिले दे.”

डिंपलनं तोंड वेडंवाकडं करून गोळ्या गिळल्या. गुंजननं बजावलं, “नंतर थोडा ताप आला तर घाबरू नका. रक्तात जंतू असले तर ते मरताना येतो. पण वाढला तर लगेच गावातल्या आशाताईंना बोलवा.”

दिवेलागणीला डिंपलचं अंग कोमट लागू लागलं.

“कायले चारल्या गोळ्या?” सून ज्योत्सना रडकुंडीला आली.

सखाबाईनं पोरीच्या कपाळावर हात ठेवला. म्हणजे ते जंतू पोरीच्या रक्तात होतेच. नऊ वर्षांच्या, एवढ्याशा पायांच्या पोरीत. मुलींच्या अकरा वाजायच्या घाईत ते तसेच राहिले असते.

“मरून राहिले ते. मरू दे,” ती सुनेला म्हणाली.

मग तिनं देवापुढे दिवा लावला, हात जोडले, आणि हात जोडलेले असतानाच तिच्या तोंडून एक सणसणीत शिवी निघाली. ती आपल्याला नाही, एवढं देवाला कळलं असणार.