आईच्या डोळ्यांतले थेंब

"आईंच्या डोळ्यांत हे थेंब कोण घालतं?" मिरजेच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडमनी विचारलं. त्यांच्या हातात एक छोटी पांढरी बाटली होती.

"मीच. सकाळ-संध्याकाळ, न चुकता."

आईच्या वाढलेल्या दम्याचं निदान असं झालं. कारण मी होतो.

आईला दमा जुना, पण तोंडाने ओढायच्या पंपावर भागायचं. त्यात तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रहिमतपुरात आमच्या भावकीत बापूकाका आहेत. आरोग्य खात्यात ते ड्रायव्हर होते. औषधं त्यांनी जीपमध्ये खोक्यात बंद पाहिली, तेवढ्यावर निम्मी गल्ली त्यांना जीभ दाखवायला जाते. त्यांना स्वतःला काचबिंदू आहे. त्यांनी आपल्या थेंबांची बाटली आणून दिली. म्हणाले, "वैनीस्नी घाल. लय गार वाटतंय."

त्यांच्या अडाणीपणाची कीव करता येते. माझी तीही करता येत नाही. मी घरातला पहिला पदवीधर, तोही रसायनशास्त्राचा. बाटलीवरचं नाव वाचायचीही तसदी मी घेतली नाही.

चार दिवसांत आई दोन शब्द बोलून श्वासासाठी थांबू लागली. साताऱ्यात एक्स-रे, रक्त, ईसीजी झालं. नाडी मंद होती. रोजची औषधं कोणती, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी ठामपणे सांगितलं, पंपाशिवाय काही नाही. आमच्याकडे डोळ्याचे थेंब औषधात धरतच नाहीत. औषध म्हणजे गिळायचं ते.

वाफ देऊनही उतार पडेना, म्हणून मिरज. तिथल्या बाकड्यावर भेटायला आलेल्या नातेवाइकांनी ताक, पंखा आणि घराचं दक्षिणमुखी दार यांना दोष दिला. त्यांना मनात हसत मी आत गेलो आणि वाफेचं यंत्र चालू असताना आईच्या डोळ्यांत थेंब घातले. एका सिस्टरनी ते पाहिलं आणि बाटली काढून घेतली.

मॅडमनी मला समोर बसवून समजावलं. ऑटोनॉमिक नर्व्हस सिस्टीम, म्हणजे आपल्याला न विचारता काम करणारी मज्जासंस्था. तिचा सिम्पथेटिक भाग ठोके वाढवतो. हृदयावर आणि श्वासनळ्यांवर बीटा रिसेप्टर असतात, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागा. तिथे ॲड्रेनलिनचा निरोप पोचला की नळ्या रुंदावतात. बाटलीतलं टिमोलॉल हे बीटा ब्लॉकर, ते या जागाच अडवतं. काचबिंदूत त्यामुळे डोळ्यातला दाब उतरतो. पण थेंब डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकात आणि तिथून रक्तात जातो. आईचा पंपही त्याच जागांवर काम करणारा. जागा अडलेल्या असताना तो तरी काय करणार?

थेंब बंद केले. वाफेत इप्राट्रोपियम सुरू केलं. नळ्या आवळणारा दुसरा, पॅरासिम्पथेटिक भाग आहे, त्याला ते थोपवतं. दुसऱ्या दिवशी नाडी सुधारली.

त्या सिस्टरचे आभार मानायला गेलो, तर त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी घरातल्या सगळ्या बाटल्या घेऊन या. तुम्हालाही तेवढंच सांगतो. डॉक्टरांनी औषधं विचारली की मलम, थेंब, चूर्ण, शेजाऱ्यानं दिलेलं, सगळं त्यांच्यापुढे ठेवा. शिकलेले असाल तर आधी ठेवा.

पाचव्या दिवशी बापूकाका आले. झालेलं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमी दोन वरसं घालतुय. आमाला कुठं काय झालं?" मग हळूच मला, "बाटली निम्मी असंल बघ. असली तर दे."

मी काही बोलायच्या आत आई उशीला टेकून बसली.

"आवं भावजी, बाटली तुमची तुमी न्या, पर गल्लीत आनि कुनाच्या डोळ्यात घालत बसू नका, ह्यो पोरगा शिकल्याला हाय म्हनून मी वाचले न्हाई, त्या सिस्टरबाईमुळं वाचले."

मग माझ्या लक्षात आलं, एवढं सगळं आई मधे एकदाही न थांबता बोलली होती.