शिक्केबाईंचा मफलर

शिक्केबाईंचं खरं नाव हजेरीपटाच्या पहिल्या ओळीत होतं, पण आमच्यापैकी कुणी ते उच्चारल्याचं मला आठवत नाही. रुग्णालयाच्या तळघरात आमची रेकॉर्ड खोली. बरे झालेल्यांच्या, न झालेल्यांच्या, सगळ्यांच्या फायली शेवटी आमच्याकडेच येतात. शिक्केबाई एकेक फाइल उघडायच्या, पानं मोजायच्या, तारखा जुळवायच्या आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात 'तपासलं' असा जांभळा शिक्का मारायच्या. एकोणतीस वर्षांत त्यांनी शिक्का मारलेल्या फायलीत चूक निघाली नाही. त्या आम्हाला डोळ्यांसमोर नको व्हायच्या, पण हे मान्य करावंच लागेल.

त्या सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायच्या. झाडूवालीला, वॉर्डबॉयला, खोलीत शिरलेल्या मांजरालाही. घरी मुलीलासुद्धा 'तुम्ही'च म्हणत असतील, असं म्हणून आम्ही हसायचो. हजेरीपट त्यांच्या ताब्यात होता. दोन मिनिटं उशीर झाला तर दोन, पाच झाली तर पाच, जशीच्या तशी लिहायच्या. कुणाचं पोर तापानं फणफणलंय, कुणाची गाडी बंद पडली, याच्याशी त्यांना देणंघेणं नसायचं. कुणी तणतणत गेलंच, तर मान वर न करता विचारायच्या, नोंद चुकीची आहे का? चुकीची कधीच नसायची, आणि तेच तर आमचं दुखणं होतं.

खोलीत आम्ही तिघी. त्या, मी आणि जाळीताई. जाळीताईला क्रोशाचं वेड. फोनवर जाळी, पाण्याच्या भांड्यावर जाळी, संगणकावर जाळी. जेवणाच्या सुट्टीतही तिचे हात रिकामे नसायचे. तोंडानं गोड, मनानं मात्र थांग न लागणारी.

ही गोष्ट सांगायची तर त्याआधी पाच वर्षं मागे जावं लागेल. तेव्हा जाळीताईचे वडील वर तिसऱ्या मजल्यावर, आमच्याच रुग्णालयात, शेवटचे दिवस मोजत होते. आमची सुट्टी साडेचारला. ती वीस मिनिटं आधी हळूच वर जायची. तीन दिवस गेली. शिक्केबाईंनी तिन्ही दिवस पटावर लिहिलं, साहेबांनी मेमो दिला. चौथ्या दिवशी ती भेदरून खुर्चीला चिकटून बसली. वडील चार वाजून वीस मिनिटांनी गेले. ती वर पोचली तेव्हा त्यांच्या तोंडावरून चादर ओढून झाली होती.

पंधरा दिवसांनी त्यांची फाइल आमच्याकडे आली. शिक्केबाईंनी पानं मोजली, तारखा जुळवल्या आणि शिक्का मारला. समोर बसलेल्या जाळीताईकडे त्यांनी नजरही वळवली नाही. आडनाव वाचलं असेल, पण ते मनात कुठं टेकलंच नसावं. जाळीताई हातातली जाळी विणत राहिली. मला वाटलं, विसरली. मी मूर्ख.

तर त्या मंगळवारी शिक्केबाईंनी डबा उघडण्याआधीच विचारलं, की मफलर करायला किती दिवस लागतात. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांची एकुलती एक मुलगी एकोणिसाव्या वर्षी घर सोडून गेली होती. नऊ वर्षं तोंड दाखवलं नव्हतं. आता तिचा फोन आला होता, की पुढच्या शुक्रवारी दोन गाड्यांच्या मधे अडीच तास मिळतायत, तर ऑफिसात येऊन भेटून जाईन. घरी येणार नाही म्हणाली. ती राहते तिथे हाडं गोठवणारी थंडी. फोन ठेवताना म्हणाली होती, तुझ्या हातचं माझ्याकडे काहीसुद्धा नाही. शिक्केबाईंनी हे एखाद्या फायलीतलं वाचून दाखवावं तसं सांगितलं, पण त्यांचे कान लाल झाले होते. आणि मुलीला त्या 'तू' म्हणतात, हेही त्या दिवशी कळलं.

जाळीताई म्हणाली, जाड लोकर आणि जाड सुई घेतली तर आठ दिवसांत आरामात होईल, मी शिकवते की. इतक्या गोडीनं म्हणाली, की मला जरा शंका आली.

दुसऱ्या दिवशी शिक्केबाई करंगळीएवढी जाड हळदी रंगाची लोकर, पेनाएवढी आकड्याची सुई आणि एक छोटी वही घेऊन आल्या. जाळीताई बोलेल ते वहीत नंबर घालून उतरवायच्या. १. पहिला फास. २. बारा टाक्यांची साखळी. ३. उलटून पुढची ओळ. हात मात्र वहीसारखा शहाणा नव्हता. लोकर इतकी आवळून धरायच्या, की सुई टाक्यात शिरेना. जाळीताई म्हणाली, बाई, लोकर आहे ती, तिला फाशी देऊ नका. मी डब्यावर डोकं टेकून हसले.

कडेचा टाका त्या हमखास विसरायच्या. बाराचे अकरा, अकराचे दहा, आणि मफलरचा झेंडा व्हायला लागायचा, तिकोनी. जाळीताई तो हातात घेऊन उलटसुलट बघायची आणि म्हणायची, उसवा. दोन दिवसांत सात वेळा उसवायला लावलं. एकदा तर चूक फक्त शेवटच्या ओळीत होती, तरी सगळा उसवायला लावला. शिक्केबाईंनी निमूटपणे उसवला. दुसऱ्याची चूक दिसली की ज्यांचा पेन थांबत नसे, त्या स्वतःच्या चुकीपुढेही तशाच उभ्या राहिल्या, हे मी तेव्हा बघितलं आणि सोडून दिलं. वहीत नवी ओळ आली. ६. कडेचा टाका विसरू नये, प्रत्येक ओळीत बारा.

त्यानंतर त्या पुटपुटत मोजायला लागल्या आणि गाडी रुळावर आली. बुधवारपर्यंत मफलर चांगला त्यांच्या उंचीएवढा झाला. कडा सरळ, ओळी एकसारख्या. माझा पहिला मफलर यापुढे पायपुसणं होता. सुट्टीत त्यांनी तो माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, कड बघा, सरळ आली. मी त्या खोलीत आल्यापासून त्यांनी चुकीशिवाय दुसरं काही मला दाखवलं, ते पहिल्यांदाच.

मग त्यांनी वही उघडली आणि विचारलं, की आता शेवट कसा करायचा.

क्रोशाचं एक असतं. सगळं विणकाम शेवटच्या एका फासावर उभं असतं. लोकर कापून तिचं टोक त्या फासातून ओढून घट्ट केलं, की काम पक्कं. ते केलं नाही, तर टोकाला धरून ओढत सुटलं की पहिल्या टाक्यापर्यंत सगळं सुटत जातं. हे शाळकरी पोरीलाही ठाऊक असतं, पण कुणीतरी सांगितल्यावर.

जाळीताईनं हातातल्या जाळीवरून नजर न काढता सांगितलं, "शेवट काय, सुई काढायची, लोकर कापायची, शेपूट आत खोचायचं. झालं."

शिक्केबाईंनी लिहून घेतलं. ९. सुई काढणे, लोकर कापणे, शेपूट आत खोचणे. झालं.

मी तोंड उघडलं होतं. जाळीताईनं माझ्याकडे एकदाच बघितलं. मला तिच्या वडिलांच्या तोंडावरची चादर आठवली, असं म्हणायला मला आवडेल. खरं तर मला माझ्या बावीस लेट मार्कांची आठवण झाली. मी उघडलेल्या तोंडात घास घातला. मला मजा वाटली, खोटं कशाला बोलू.

शुक्रवारी मुलगी आली ती नेमकी जेवणाच्या सुट्टीत. उंच, आईसारखीच ताठ, पाठीवर मोठी बॅग. आईनं खुर्ची पुसून दिली. ती काठावर बसली. दोघी काय बोलत होत्या ते आम्हाला ऐकू येत होतं, खोलीच केवढी. प्रवास बरा झाला का, झाला. नोकरी बरी आहे का, आहे. मग शिक्केबाईंनी टेबलाच्या खणातून कागदात गुंडाळलेला मफलर काढून तिच्या पुढ्यात ठेवला. तो तू केलास, असं तिनं दोनदा विचारलं. गळ्याभोवती एक वेढा घेतला, टोकं पाठीवर सोडली आणि गालाशी लोकर धरून बघितली. शिक्केबाई तिच्याकडे बघत होत्या, आणि त्या हसतात तेव्हा कशा दिसतात हे आम्हाला तेव्हा कळलं. मुलगी म्हणाली, बघू, दिवाळीत सुट्टी मिळाली तर दोन दिवस घरी राहायलाही येईन.

निघताना ती लोखंडी रॅकच्या मधून वळली. खोचलेलं शेपूट बाहेर आलं होतं. ते रॅकच्या कोपऱ्यातल्या वाकलेल्या पत्र्यात अडकलं. मायलेकी दाराबाहेर पडल्या आणि पिवळी लोकर रॅकपासून दारापर्यंत ताणली गेली, मग जमिनीवर पडत पडत त्यांच्यामागे निघाली. एकेक टाका टप टप सुटत होता. मी दारातच उभी होते. एक हाक मारली असती तर एका वितीवर भागलं असतं. मागे जाळीताई शांतपणे जेवत होती.

कॉरिडॉर लांबलचक, दोन्ही बाजूंच्या बाकांवर रुग्णांचे नातेवाईक. आधी एक पोरगी फिदीफिदी हसली, मग तिची आजी, मग सगळा बाक. बिचारी माणसं, त्यांना दिवसभर हसण्यासारखं काही मिळत नाही. जिन्याच्या तोंडाशी मफलर मानेपर्यंत उसवला आणि मुलीच्या गळ्याला आवळ बसला, तेव्हा ती थांबली. मागे वळून तिनं त्या पिवळ्या रेषेकडे बघितलं, हसणाऱ्यांकडे बघितलं, मग आईकडे.

मुलीनं उरलेला मफलर गळ्यातून काढला. आवाज चढवला नाही, तरी माझ्यापर्यंत स्पष्ट आला.

"एक शब्द चुकला तरी माझ्या वहीचं अख्खं पान फाडायचीस. आता कळलं, कसं वाटतं?"

मफलर आईच्या हातावर ठेवून ती जिना चढून गेली. शिक्केबाई तिथून आमच्या दारापर्यंत लोकर हाताला गुंडाळत आल्या. बाकावरच्यांनी पाय वर घेऊन त्यांना वाट करून दिली. मी एक फाइल उघडून तोंडासमोर धरली, ती उलटी होती. शिक्केबाईंनी रॅकच्या पत्र्यातून टोक सोडवलं, जागेवर बसल्या आणि दोनच्या ठोक्याला पुढची फाइल उघडली.

शनिवारी त्या वही घेऊन लोकरीच्या दुकानात गेल्या. लोकर वाईट दिली म्हणून दुकानदाराशी भांडायला. त्या बिचाऱ्यानं वही वाचली आणि विचारलं, शेवटचा टाका बंद कुठे केला यात? हे मला पुढे त्यानंच सांगितलं. बाई बराच वेळ काउंटरपाशी उभ्या होत्या म्हणे, गिऱ्हाइकांना वाट अडत होती.

सोमवारी सुट्टीत त्यांनी डबा उघडला नाही. उरलेला निम्मा मफलर टेबलावर ठेवला, सुटा फास सुईवर चढवलेला, शेजारी वही.

"नऊ मुद्दे झाले," त्या जाळीताईला म्हणाल्या. "दहावा दाखवा."

जाळीताईचा रंग उडाला. पण तिनं मफलर ओढून घेतला, कात्रीनं लोकर कापली, टोक फासातून काढलं आणि घट्ट ओढलं. शिंक यायला जेवढा वेळ लागतो तेवढाही लागला नाही.

"एवढंच होतं?" शिक्केबाईंनी विचारलं.

"एवढंच," जाळीताई म्हणाली. "माझे बाबा गेले तेव्हाही एवढंच होतं, बाई. वीस मिनिटं."

शिक्केबाईंना काही उमजेना. मग त्या उठल्या, मागच्या रॅकवरून पाच वर्षांपूर्वीचा हजेरीपट काढला आणि बोट फिरवत फिरवत ते पान शोधलं. तिन्ही नोंदी वाचल्या. चौथ्या दिवसाच्या रकान्यावर बोट थांबलं. तिथे जाळीताईची सही होती, साडेचारची. जाळीताई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मला वाटतं ती एका शब्दाची वाट बघत होती, कुठल्याही. मीही बघत होते.

"नोंद बरोबर आहे," शिक्केबाई म्हणाल्या आणि पट मिटला. तो वर ठेवायला मात्र त्यांचे हात पोचेनात. शेवटी मीच ठेवला.

निम्मा मफलर त्यांनी मुलीला पोस्टानं पाठवला. तीन आठवड्यांनी पार्सल न उघडता परत आलं. पुढे जाळीताईनं वरच्या मजल्यावर बदली मागून घेतली, आणि दोन वर्षांनी शिक्केबाई निवृत्त झाल्या. निरोपाचा कार्यक्रम त्यांनी नको म्हटला आणि आम्हीही फार आग्रह केला नाही. आता शिक्का माझ्याकडे आहे. खण रिकामा करताना ती छोटी वही मला तळाशी सापडली. पहिले नऊ मुद्दे मला पाठच होते. दहावा त्यांच्या त्याच सरळ अक्षरात होता. १०. लोकरीचं टोक शेवटच्या फासातून ओढून घट्ट करणे. टेबलावरच्या दोघींना माहीत होतं. दोघींनी सांगितलं नाही.

खाली जांभळा शिक्का होता. 'तपासलं'. नोंद बरोबर आहे.