इथलं आम्ही बघतो

आईच्या ऑपरेशनसाठी आज रजा टाकली. आमच्या ऑफिसच्या चॅटमध्येच रजेचं एक छोटंसं अ‍ॅप आहे. आस्थापना विभागातल्या वैशालीताईंनी ते बनवलं. प्रोग्रॅमिंग त्यांना येत नव्हतं. पडद्यावरचे तयार चौकोन ओढायचे आणि एकमेकांना जोडायचे, एवढ्यावर काम झालं.

पण आम्ही अ‍ॅपवर अर्ज पाठवायचो आणि लगेच उठून त्यांच्या टेबलाशी जायचो. "ताई, मिळाला ना?" त्या हसून म्हणायच्या, "मिळाला हो. तुम्ही निघा, इथलं आम्ही बघतो." हे ऐकल्याशिवाय रजा मिळाल्यासारखी वाटायचीच नाही. शेवटी ताईंनी हे वाक्यच अ‍ॅपमध्ये घालून टाकलं.

त्या निवृत्त झाल्या, त्यांच्या खुर्चीत दुसरं कुणी बसतं. आज 'पाठवा'वर बोट ठेवलं, तर तीच अक्षरं उमटली: 'मिळाला हो. तुम्ही निघा, इथलं आम्ही बघतो.' रोज हाताखालून जाणाऱ्या किती सोयींत असा कुणाचा तरी जीव मुरलेला असतो, आणि आपल्या ते ध्यानातही येत नाही.

"हो ताई," मी पडद्याला म्हणालो, आणि आईच्या रिपोर्टांची पिशवी उचलून निघालो.