नाक्यावर मी सरांना शिपाई केलं

ग्रुपवरच्या गुरुजींनो, आज सकाळी माझ्या हातून फार चुकलं. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमचे मुख्याध्यापक सर माडिया आदिवासी आहेत. त्यांच्याच गाडीवर मागं बसून मी एटापल्लीला शिक्षकांच्या मीटिंगला चाललो होतो. वाटेतल्या नक्षल तपासणीच्या नाक्यावर जवानानं अडवलं. मला म्हणाला, "सर, तुमचं काई नाई." आणि सरांना, "ए, तू पिशवी खाली कर. कुठचा हायेस?"

उशीर होत होता. मी पटकन बोलून गेलो, "आमच्या शाळेचा शिपाई हाय साहेब, जाऊ द्या."

लगेच सोडलं. पिशवीसुद्धा उघडली नाही.

सरांनी गाडी पुढं काढली. नाका मागं पडल्यावर मीच म्हटलं, "सर, माफ करा. मुख्याध्यापक हायेत म्हटलं असतं तं त्याले पटलं नसतं."

"नसतंच पटलं," सर म्हणाले. "पण तुम्ही एकदा म्हणून तं पाहाचं होतं."

मीटिंगमध्ये लक्षच लागलं नाही. त्या जवानाचं सोडा. पण 'शिपाई' हा शब्द माझ्या तोंडात इतका तयार कसा होता?