नकाशा लाल होता तो दिवस

माझी धाकटी जाऊ फवारणीचा ड्रोन उडवते. रीतसर प्रशिक्षण घेऊन, परीक्षा देऊन तिनं पायलटचं सर्टिफिकेट मिळवलंय. मी तिच्या हाताखाली असते. औषध कालवायचं, टाकी भरायची, बॅटऱ्या बदलायच्या. घरात मी थोरली, पण शेतात तिचा शब्द चालतो, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

उडवण्याआधी ती बांधावर उभी राहून मोबाईलवर आकाशाचा नकाशा उघडते. हिरवं असलं तर ठरल्या उंचीपर्यंत खुशाल उडवा, पिवळं असलं तर परवानगी काढा, लाल असलं तर सरकारच्या मंजुरीशिवाय पंखासुद्धा फिरवायचा नाही. आमच्या झरीच्या शिवारावर कायम हिरवंच.

"रोज काय बघायचं त्यात?" मी एकदा म्हटलं.

"रोज बदलू शकतंय, जाऊबाई," ती म्हणाली.

त्या हिवाळ्यात चुलतसासऱ्यांच्या तुरीवर अळी पडली. तूर ऐन फुलात, डोक्याइतकी वाढलेली. पाठीवर पंप घेऊन आत शिरणं अवघड. आम्ही सकाळीच टेम्पोतून ड्रोन नेला. मी औषधाचं झाकण उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा. लाल हाय."

परभणीत कुणी बडा पाहुणा येणार होता. त्याच्या हेलिकॉप्टरसाठी त्या दिवसापुरतं आमच्यावरचं आकाश बंद केलं होतं.

चुलतसासरे चिडले. "अगं, त्याचं हेलिकॉप्टर ढगात. तुझं हे तुरीच्या शेंड्यावर फिरणार. कोण बघायलंय हितं?"

"कोणी बघो न बघो, मामा. लालमधी मी उडवत न्हाई."

"मग अळी थांबती का उद्यापस्तोर?"

"न्हाई थांबत. पोती आणा."

तिनं पदर खोचला, झाडाखाली पोतं अंथरलं आणि तूर हलवायला लागली. अळ्या टपटप पोत्यावर पडल्या. मीही दुसरी ओळ धरली. थोडा वेळ धुसफुसत बांधावर बसलेले चुलतसासरे शेवटी उठले आणि तिसऱ्या ओळीत शिरले. ऊन उतरेपर्यंत आम्ही अर्धं रान झाडून काढलं. अंगभर खाज सुटली होती.

हेलिकॉप्टर काही आमच्यावरून गेलं नाही. कुठून आलं, कुठून परतलं, आवाजसुद्धा आला नाही.

"आलं का गं तुझं हेलिकॉप्टर?" चुलतसासऱ्यांनी टोमणा मारला.

ती हसली. "न्हाई आलं. बरं झालं की!"

तिला स्वतःला खरं ठरवून घ्यायची घाईच नव्हती. मी असते तर दिवसभर आभाळाकडे कान लावून बसले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशा पुन्हा हिरवा झाला होता. तिनं फवारणी केली, तूर बऱ्यापैकी वाचली. पुढं पाथरीहून चुलतसासऱ्यांचे व्याही फवारणीचं विचारायला आले, तेव्हा चुलतसासरे खाटेवर सरसावून बसले आणि म्हणाले, "आमची सून येईल. पण ती न्हाई म्हणली तर हुज्जत घालायची न्हाई. मी घालून बघितलीय."