कऱ्हाड ते कोल्हापूर, आमच्या रानावरून

माझी लेक कऱ्हाडच्या विमानतळावर विमान चालवायला शिकते, याची आता गावाला सवय झालीय. घरात एकालाच झाली नव्हती, माझ्या सासऱ्यांना. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पण घरात हुकूम अजून त्यांचाच. नातीसाठी त्यांनी एका जवानाचं स्थळ आणलं होतं. "आधी लायसन, मग लग्न," असं तिनं म्हटलं आणि आबांनी तिच्याशी बोलणंच टाकलं. ती सुट्टीला आली, समोर बसली, तरी मला म्हणायचे, "तिला सांग, पंखा बंद कर." मी म्हणायची, "आबा, तिला कान हायत की." दोघांचाही मला राग यायचा. आणि खरं सांगते, रडूही यायचं. ही पोर त्यांच्याच खांद्यावर बसून वाढली होती.

गेल्या हिवाळ्यात तिची एकटीनं कोल्हापूरच्या विमानतळावर जाऊन यायची पहिली फेरी ठरली. आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला. रस्त्यानं कऱ्हाडहून कोल्हापूर म्हणजे, मध्ये चहाला थांबलं तर दोन तास कुठं गेले नाहीत. तिच्या विमानाला अर्धा ताससुद्धा नको. "आणि मम्मी, सरळ रेघ ओढली ना, तर आपलं रान बरोबर खाली येतं." आबा शेजारीच पेपर वाचत होते. बराच वेळ त्यांनी पान उलटलं नाही.

सकाळी कपाट उघडलं तर पांढऱ्या चादरी गायब. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या, इस्त्रीच्या! मी तणतणत रानात गेले. ऊस तुटून मोकळ्या झालेल्या वावरात आबा माझ्या चादरी अंथरून कोपऱ्यांवर ढेकळं ठेवत होते. फौजेत विमानाला जागा दाखवायला जमिनीवर अशीच कापडं पसरत म्हणे.

"वरनं सगळा ऊस सारखाच दिसतोय," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "तिला आपलं रान कसं कळायचं?"

मी खाली बसून दुसरं टोक ताणलं.

तेवढ्यात शेजारच्या वावरातल्या काकू धापा टाकत आल्या. "आवं, कोण गेलं? येवढी पांढरी कापडं!"

"कोण गेलं न्हाई," आबा कडाडले. "नात येतीया!"

मग आवाज आला. विमान खूप उंचावरून, जरासं बाजूनं गेलं. खाली आलं नाही की वळलं नाही. ठरल्या वाटेनंच जायचं असतं, हे तिनं मला सांगितलं होतं. आबांनी वर केलेला हात मात्र विमान दिसेनासं झालं तरी खाली आला नाही. तिला चादरी दिसल्या की नाही, कुणास ठाऊक.

आम्ही बांधावर बसून राहिलो. फोन वाजला. "मम्मी, उतरले गं!" मी काही बोलायच्या आत आबांनी फोन काढून घेतला आणि कानाला लावून नुसतेच उभे राहिले. पलीकडून "मम्मी? मम्मी?" चाललं होतं.

"मम्मी न्हाई. आबा हाय."

पलीकडून तिचे हुंदके मला बांधावर ऐकू आले.

"रडू नगं," आबा म्हणाले. "डोळं पूस आन् नीट बघून चालव. परत यायचं हाय अजून. तवर आमी हितंच हाय."